एका परसात चार वयांच्या कोंबड्या: खाद्य कसे बसवले

आमच्या परसात सध्या चार वयांच्या कोंबड्या एकत्र नांदत आहेत. अंडी देणे जवळपास थांबत आलेल्या दोन जुन्या कोंबड्या, ऐन अंड्यावर असलेल्या पाच ऱ्होड आयलंड रेड, खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून पिल्ले म्हणून आणलेल्या आणि आता तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, झालेल्या सहा, आणि एका गावरान कोंबडीने खुडूक बसून नुकतीच काढलेली पिल्ले, असा हा संसार आहे. कोंबडा एकच आहे. घर सिंहगड रस्त्यापासून आत, नांदेड गावाच्या बाजूला आहे आणि परस बऱ्यापैकी मोठे असले तरी प्रत्येक वयासाठी वेगळे खुराडे आणि वेगळे अंगण करण्याइतके मोठे नाही. सगळ्यांनी एकाच अंगणात वावरायचे, एकमेकांच्या भांड्यात तोंड घालायचे आणि तरीही ज्याला जे लागते तेच त्याच्या पोटात जायचे, हे कसे साधायचे हा प्रश्न होता. तो सोडवताना जी व्यवस्था हळूहळू बसत गेली, ती येथे लिहीत आहे.

दुकानात कोंबडीखाद्य मागितले की दुकानदार पहिल्यांदा वय विचारतो, आणि ते योग्यच आहे. अंड्यांच्या जातींसाठी मॅशची, म्हणजे भरडून मिसळलेल्या खाद्याची, तीन प्रकारची पोती मिळतात: साधारण आठ आठवड्यांपर्यंत चिक मॅश, त्यानंतर अंड्यावर येईपर्यंत ग्रोअर मॅश आणि पुढे लेयर मॅश. भारतीय मानक ब्युरोचे कोंबडीखाद्याचे मानक, म्हणजे आयएस १३७४, याच टप्प्यांना धरून आहे. ढोबळमानाने चिक मॅशमध्ये २० टक्के प्रथिने असतात, ग्रोअरमध्ये १६ टक्के आणि लेयरमध्ये १६ ते १८ टक्के. हे आकडे पाहिले की वाटते, फरक तो केवढा, कोणतेही पोते घेतले तरी चालून जाईल. पण पोत्यावरच्या लेबलात प्रथिनांच्या खाली कॅल्शियमचा आकडा असतो आणि खरी अडचण तेथे आहे. चिक आणि ग्रोअर मॅशमध्ये कॅल्शियम सुमारे १ टक्का असते, तर लेयर मॅशमध्ये ते ३.५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे साडेतीनपट.

या साडेतीनपटीचा अर्थ आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांनी नीट समजावून सांगितला. वाढत्या पिलाला इतके कॅल्शियम वापरता येत नाही. जास्तीचे बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर येते, तेथे इजा होते, आणि पुढे युरेटचे, म्हणजे युरिक आम्लाच्या क्षारांचे, पांढरे थर मूत्रपिंडात, कधी हृदयावर आणि यकृतावरही साचतात. पक्ष्यांमधला हा गाऊट वरून दिसत नाही. तलंग चांगली वाढलेली दिसते, अंड्यावर येते, आणि मग अंड्यांचा ताण पडू लागला की एखादी अचानक मरते. उलट अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियम कमी पडले, तर ते चार दिवसांत अंड्याच्या कवचावर दिसते आणि दुरुस्तही करता येते. एका बाजूची चूक दिसते आणि भरून निघते, दुसऱ्या बाजूची दिसत नाही आणि भरूनही निघत नाही. त्यामुळे सर्वांसाठी एकच खाद्य निवडायचे असेल तर ते सर्वांत लहान पक्ष्याला चालणारे असावे आणि मोठ्यांची कॅल्शियमची गरज वेगळी भागवावी, असे आम्ही ठरवले. आजवरची सगळी व्यवस्था याच एका निर्णयावर उभी आहे.

आता वेगळे द्यायचे ते किती, याचा हिशेब मी कागदावर मांडला. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. लेयर मॅशमधून तिला जवळपास पावणेचार ग्रॅम कॅल्शियम मिळाले असते. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमहून थोडे अधिक कॅल्शियम असते आणि खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्म्याच्या आसपासच अंगी लागते, म्हणून ही गरज इतकी मोठी. १ टक्का कॅल्शियमच्या खाद्यातून तिला सव्वा ग्रॅमही मिळत नाही. उरलेले अडीच ते पावणेतीन ग्रॅम शिंपल्याच्या चुऱ्यातून यायचे, तर शिंपल्यात कॅल्शियम सुमारे ३८ टक्के धरल्यास कोंबडीमागे रोज सात ग्रॅम चुरा लागतो. पाच कोंबड्यांना पस्तीस ग्रॅम. हे मोजून खाद्यात मिसळायचे नाही, मिसळले की पुन्हा तोच घोळ. चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवायचा आणि कोंबडीने तिच्या गरजेप्रमाणे खायचा.

कोंबडीला स्वतःची गरज कळते यावर माझा आधी फारसा विश्वास नव्हता. सासूबाईंचे माहेर पूर्वीच्या वेल्हे, आताच्या राजगड तालुक्यातले. तेथे कोंबड्यांना सकाळी मूठभर कण्या टाकायच्या आणि दार उघडून द्यायचे, बाकी त्यांचे त्या बघतात, अशीच रीत. ‘अगं, तिला काय हवं ते तिला कळतं, तू फक्त समोर ठेव,’ असे त्या म्हणत आणि मी पोत्यावरचे आकडे वाचत बसे. शिंपल्याच्या बाबतीत त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. अंड्यावरच्या कोंबड्या दुपारनंतर आणि विशेषतः संध्याकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी वाडग्याकडे जातात, तलंगा एखादा दाणा उचलून टाकून देतात आणि कोंबडा तिकडे फिरकतही नाही. संध्याकाळच्या ओढीला शास्त्रीय कारण आहे. अंडे तयार व्हायला साधारण चोवीस ते सव्वीस तास लागतात, त्यांतले वीसेक तास कवचावरच जातात आणि त्यातला मोठा भाग रात्री पार पडतो, जेव्हा कोंबडी काही खात नसते. जाड दाण्याचा चुरा पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, रेंगाळतो आणि रात्रभर थोडा थोडा विरघळत राहतो. पीठ केलेली चुनखडी तितकी टिकत नाही. म्हणून चुरा घेताना तो ज्वारीच्या दाण्याएवढा जाड घ्यावा, भुकटी घेऊ नये.

घरातील अंड्यांची टरफलेही मी वापरते. ती तव्यावर किंवा ओव्हनमध्ये चांगली भाजून, हाताने चुरून शिंपल्यात मिसळते. भाजण्याचा उद्देश जंतू मारणे हा आहे. चुरण्याचा उद्देश असा की टरफल अंड्यासारखे दिसू नये, नाहीतर अंडी फोडून खाण्याची खोड लागू शकते, आणि ती एकदा लागली की मोडणे फार कठीण.

प्रथिनांचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. चिक मॅश आणि ग्रोअर मॅश समप्रमाणात मिसळले की १८ टक्के प्रथिनांचे आणि सुमारे १ टक्का कॅल्शियमचे मिश्रण तयार होते, आणि तलंगा, अंड्यावरच्या, जुन्या व कोंबडा या सगळ्यांना ते चालते. तलंगांना ते किंचित जड आहे, पण अपायकारक नाही. चिक मॅशचे पोते घेताना मात्र एक गोष्ट लेबलवर पाहावीच लागते, ती म्हणजे त्यात कॉक्सिडिओसिस रोखणारे औषध मिसळलेले आहे की नाही. रक्ती हगवणीपासून पिल्लांना वाचवण्यासाठी ते घालतात आणि पिल्लांसाठी त्याचा उपयोगही आहे, परंतु तेच खाद्य अंड्यावरच्या कोंबडीने खाल्ले तर औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो आणि ती अंडी घरातल्या मुलांच्याच ताटात येतात. म्हणून सामाईक भांड्यात जाणारे चिक मॅश बिनऔषधी असेल याची मी खात्री करून घेते. लेबलवर स्पष्ट लिहिलेले नसेल तर दुकानदाराला विचारून, आणि तरीही शंका राहिली तर ते पोते न घेता परत येते. ब्रॉयलरचे प्री-स्टार्टर आणि स्टार्टर सर्वत्र सहज मिळते, पण ते सहा आठवड्यांत वजन चढवण्यासाठी बनवलेले असते. गावरान किंवा ऱ्होड आयलंडच्या पिल्लांना इतक्या घाईने वाढवण्याचे काही कारण नाही.

अगदी लहान पिल्लांना १८ टक्क्यांचे मिश्रण थोडे कमी पडते, त्यांना २० टक्केच हवे. त्यासाठी वेगळी खोली लागत नाही, एक कप्पा पुरतो. अंगणाच्या कोपऱ्यात जाळीची चौकट उभी करून तिच्या तळाशी साधारण तीन इंचांची फट ठेवली. त्यातून पिल्ले आत-बाहेर जातात, मोठ्या कोंबड्या मान घालून पाहतात आणि निघून जातात. आत चिक मॅशचे उथळ भांडे आणि पाणी. वरून जाळी टाकावीच लागते, कारण उडी मारून आत शिरणारी एखादी हुशार कोंबडी प्रत्येक कळपात असते, शिवाय आमच्याकडे मुंगूस आणि मांजर यांचीही ये-जा आहे. पहिले काही दिवस मात्र पिल्ले आईसोबत पूर्ण वेगळीच ठेवते. तेव्हा आई आणि पिल्ले एकाच भांड्यातून चिक मॅश खातात, आणि त्यात काही बिघडत नाही, कारण पिल्ले सांभाळणारी कोंबडी त्या काळात अंडी देत नाही आणि तिला जास्तीचे कॅल्शियमही नको असते. उलट एकवीस दिवस खुडूक बसताना ती दिवसातून एकदाच, घाईने उठून खाते आणि हडकते. पिल्लांचे खाद्य तिला ते भरून काढायला मदतच करते. दाणा टिपून, पुन्हा खाली टाकून, गळ्यातल्या गळ्यात आवाज करत ती पिल्लांना खायला शिकवते. ब्रूडरमधल्या, म्हणजे आईविना कृत्रिम उबेत वाढवलेल्या, पिल्लांना हेच काम बोटाने भांड्यात टकटक करून आपल्याला करावे लागते.

पिल्लांच्या पाण्याच्या भांड्यात मी धुतलेले गोटे टाकते. पाणी उथळ राहते आणि पिल्लू त्यात पडून बुडत नाही.

भांडी किती आणि कुठे ठेवायची, हा भाग मला खाद्याच्या मिश्रणाइतकाच महत्त्वाचा वाटतो. कोंबड्यांमध्ये मानपान फार कडक असतो. जुन्या दोघींपैकी एक आजही सगळ्यांच्या वर आहे आणि नव्याने सामील झालेली तलंग भांड्याजवळ आली की तिच्या डोक्यावर चोच बसते. भांडे एकच असेल तर सगळ्यांत खालच्या पायरीवरची तलंग सगळे उठल्यावर खाते, तोपर्यंत जाड दाणे संपलेले असतात आणि तळाशी पीठ उरते. म्हणून भांडी दोन ठेवली, तीही अशी की एका भांड्याजवळ उभ्या असलेल्या कोंबडीला दुसरे भांडे दिसू नये: एक खुराड्याच्या पुढे, दुसरे पेरूच्या झाडामागे. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आली की ती पायाने उकरून खाद्य सांडत नाही. तलंगांची उंची कमी असल्यामुळे मागच्या भांड्यापुढे एक वीट पायरीसारखी ठेवली आहे. शिंपल्याचा वाडगा भिंतीला उंचावर अडकवला आहे, तेथे मोठ्या कोंबड्यांची चोच पोहोचते आणि पिल्लांची पोहोचत नाही.

तळाशी उरणाऱ्या पिठाकडे दुर्लक्ष करू नये. मॅशमधील जीवनसत्त्वे, खनिजे आणि कृत्रिमरीत्या घातलेले मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) हे सगळे बारीक भागात असते, आणि कोंबडी स्वभावाने जाड मका आधी वेचते. संध्याकाळी उरलेल्या पिठावर थोडे पाणी किंवा पातळ ताक शिंपडून ते ओलसर करून दिले की ते आवडीने संपवतात. पावसाळ्यात मात्र असे ओले खाद्य तासाभरात उचलावे, ते फार लवकर आंबते आणि त्यावर माश्या येतात.

दाणे आणि स्वयंपाकघरातील उरलेसुरले यांचा हिशेब सासूबाई आणि मी यांच्यात अजूनही पूर्ण मिटलेला नाही. मार्केट यार्डातील भुसार बाजारातून बाजरी आणि भरडलेला मका मी आणते, परंतु तो खाद्य म्हणून नव्हे, संध्याकाळी कोंबड्यांना खुराड्यात बोलावण्याचे निमित्त म्हणून. मक्यात प्रथिने जेमतेम ८-९ टक्के असतात. ११० ग्रॅमपैकी २० ग्रॅम मका झाला तर १८ टक्क्यांचे खाद्य सरासरी साडेसोळा टक्क्यांच्या आत येते, तेवढे चालते. ५० ग्रॅम मका झाला तर ते १४ टक्क्यांच्या खाली घसरते, अंडी घटतात आणि जुन्या कोंबड्यांच्या पोटात चरबी साठते. अशा लठ्ठ कोंबड्यांचे यकृत फाटून त्या अचानक दगावू शकतात. शेजारच्या काकू प्रेमाने पोळीचे तुकडे टाकत असत, त्यांना मी पोळीऐवजी मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या काड्या टाकायला सांगितले आणि त्यांनी ते मनावर घेतले. खारट पदार्थ, लोणचे, कच्चा बटाटा व त्याच्या हिरव्या साली, कच्चा राजमा आणि आव्होकाडो यांतले काही आमच्या अंगणात पडत नाही. शेवग्याचा पाला, लसूणघास आणि हौदात वाढवलेला अझोला हा पाणनेचा मात्र रोज असतो. पाला आणि दाणे दळायला पेट्यात खडे लागतात, आणि सिमेंटने मढवलेल्या अंगणात ते मिळत नाहीत, म्हणून बारीक खडीचा वेगळा वाडगा आहे. शिंपला विरघळतो, खडी विरघळत नाही, त्यामुळे एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

वाळवीची युक्ती ही सासूबाईंची. मडक्यात ओले गोणपाट, शेणाच्या गोवऱ्यांचे तुकडे आणि वाळकी पाने भरून ते झाडाखाली उपडे ठेवायचे. दोनएक दिवसांत वाळवी लागते आणि मडके उचलले की पिल्ले तुटून पडतात. इतके ताजे प्रथिन कोणत्याही पोत्यात मिळत नाही. घराच्या लाकडी चौकटींपासून ते मडके लांब ठेवावे, एवढे सांगणे पुरे.

पुण्याच्या ऋतूंचा परिणाम खाद्यावर मी अपेक्षा केली होती त्याहून जास्त होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. धापेबरोबर रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच बनवायला लागणारे कार्बोनेट कमी पडते. म्हणजे शिंपला भरपूर असूनही कवच पातळ येते, कधी नुसत्या पापुद्र्याचे अंडे पडते. तेव्हा शिंपला वाढवून उपयोग नसतो. सावली, दिवसातून दोनदा बदललेले गार पाणी आणि उन्हाच्या आधी व नंतर खाद्य हाच उपाय. एरवी कोंबडी खाद्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त.

पावसाळ्यात काळजी बुरशीची. दमट मका आणि शेंगदाणा पेंड यांत अॅफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होते. ते उकळून किंवा उन्हात वाळवून जात नाही, आणि पिल्लांना थोडेसेही बाधते. जूनपासून मी पूर्ण पोते आणणे बंद करते. लागेल तेवढे सुटे आणून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते, डबा विटांवर. गुठळी झालेले किंवा कुबट वास येणारे खाद्य कळपातल्या कोणालाच, जुन्या कोंबड्यांनासुद्धा, देत नाही. झाकणाच्या डब्यामुळे उंदरांचा त्रासही कमी झाला, आणि लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या तापाच्या, दिवसांत तेही महत्त्वाचे आहे. पाऊस सरल्यावर कोंबड्या पिसे झाडू लागतात. पिसे बहुतेक सगळी प्रथिनांचीच बनलेली असल्यामुळे त्या आठवड्यांत मका बंद करून मूठभर सुकट आणि सोया पेंड देते. त्या काळात अंडी येत नाहीत, आणि शिंपल्याचा वाडगा जवळपास भरलेलाच राहतो.

आता तलंगांची वेळ आली आहे. तुरे लाल आणि मोठे होऊ लागले आहेत, पाठीवर हात ठेवला की दोघी खाली बसतात. पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून त्यांच्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा तयार होऊ लागतो, त्यामुळे त्यांना शिंपला आत्ताच मिळायला हवा. त्यांच्यासाठी खाद्य बदलावे लागले नाही, फक्त दुसरा वाडगा त्यांच्या भांड्याजवळ लावला, म्हणजे पहिल्या वाडग्यावर हक्क सांगणाऱ्या मोठ्यांना टाळून त्यांना खाता येईल. दोघींनी त्यातून टिपायला सुरुवात केली आहे, चौघी अजून त्याकडे बघत नाहीत.

पिल्लांमध्ये नर किती निघतील हे अद्याप सांगता येत नाही. जे निघतील त्यांना लेयर मॅश कधीच लागणार नाही, कोंबड्यांप्रमाणे शिंपलाही लागणार नाही, सामाईक मिश्रण त्यांना अखेरपर्यंत पुरेल. दुसरा कोंबडा ठेवायचा नाही हे घरात ठरलेले आहे. गावरान कोंबड्याला सर्वांत चांगली मागणी आखाडात असते, श्रावण लागला की ती एकदम बसते, म्हणून पुढच्या आषाढापर्यंत ते वजनाला येतील अशा बेताने त्यांना पिल्लांच्या कप्प्यातून मोठ्यांच्या भांड्यावर आणायचे आहे. एकदम नाही, आठवडाभर चिक मॅशमध्ये सामाईक मिश्रण वाढवत नेऊन, कारण अचानक खाद्य बदलले की पिल्ले काही दिवस नीट खात नाहीत.